महाराजांनी पुसलेली गाठ

रोह्याजवळच्या वरसे गावात महाराजांच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. रोह्यापासून कोलाडपर्यंतची माणसं काखेत एक्स-रे, सीटी स्कॅनची पाकिटं घेऊन आली होती. महाराज म्हणे फिल्मवरची गाठ पुसत आणि पोटातली आपसूक विरघळे. डॉक्टर बिचारे उगाचच इतकी वर्षं शिकले!

अनिताला सासरे दत्तात्रेय पेणहून इथे ओढूनच घेऊन आले होते. तिथल्या रामवाडीत त्यांचा गणपतीचा कारखाना. सासऱ्यांच्याच लघवीतून रक्त गेलं होतं, सीटीत मूत्राशयात गाठ दिसली. बहुधा कॅन्सर, पण तो आतल्या अस्तरातच आहे की भिंतीच्या स्नायूत घुसलाय, हे एमआरआयमध्ये बघू, त्यावर पुढचे उपचार ठरतील, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. वेळ उद्याची होती आणि त्या मशीनच्या नुसत्या नावानेच सासऱ्यांचं धाबं दणाणलं होतं.

शिष्याने फिल्म 'पूजेला' आत नेली आणि परत आणली. महाराजांनी ती उन्हात धरली. पांढराशुभ्र ठिपका! तीर्थ शिंपडून त्यांनी अंगठा फिरवला, ठिपका गायब. मांडवात जयजयकार झाला. सासरे डोळे पुसत म्हणाले, आता एमआरआय नको.

अनिताने फिल्म हातात घेऊन नीट पाहिली. ती मूर्तींचे डोळे रंगवणारी बाई. ओला पांढरा रंग तिला कळणार नाही तर कुणाला?

"मामा, त्यांचा अंगठा बघा," ती म्हणाली. "पांढरा झालाय. आणि ठिपका होता कुठं? खुब्याच्या हाडावर. बाईंनी दाखवलेली गाठ ही राखाडी, हाय तिथंच हाय."

श्रद्धा नसली की गाठ दिसतेच, असं महाराजांनी ऐकवलं. अनिताने शेजारच्या आजोबांच्या डबीतला चुना बोटावर घेतला, फिल्मवर ठिपका काढला आणि पाण्याने पुसला. झाला की चमत्कार! लोक हसायला लागले. महाराजांना नेमकी तेव्हाच ध्यानाची आठवण झाली.

एमआरआय दुसऱ्याच दिवशी झाला. गाठ स्नायूत शिरलेली दिसली नाही. दुर्बिणीतून ती काढली, काढलेल्या गाठीच्या तपासणीतही ती अस्तरातच असल्याचं निघालं. अजून रेंगाळला असतात तर पुढे काय झालं असतं ते सांगता आलं नसतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा सासरे पहिल्यांदाच मशीनऐवजी आजाराला घाबरले.

आता कारखान्यात येणाऱ्याजाणाऱ्याला बसवून ते सांगतात, "लघवीत रक्त दिसलं तर आधी डॉक्टरकडं जा. फोटोतली माझी मिशी पुसली तर तोंडावरची जाते काय? फोटो पुसून आजार जात नाय. आणि आपण फोटो काढायला घाबरलो, म्हणून तो थांबत पण नाय."