मर्व्हचं शेवटचं पिंप

मर्व्ह गेला आणि दर शुक्रवारी त्याच्या शेडमध्ये जमणारे दोस्तही गेले. शवपेटीला खांदा द्यायला सगळे पुढे; नंतर एकानेही फाटक उघडलं नाही. त्याने घरी काढलेली बिअर वर्षानुवर्षं फुकट ढोसली, आणि त्याच्या बायकोसमोर घटकाभर गप्प बसायची यांची हिंमत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हायअलाच्या पोलाद कारखान्यात जन्म काढलेले गडी. वितळत्या लोखंडाला भ्याले नाहीत, एका बाईच्या रडण्याला भ्याले.

ग्लेनिस रडत नव्हती, पण ते बघायला तरी कोण आलं होतं?

शेडमधल्या जुन्या फ्रिजात मर्व्हच्या हातच्या बिअरचं शेवटचं छोटं पिंप होतं. तिने त्यातला थेंबही काढला नव्हता. ते संपलं की मर्व्ह संपला, एवढं सरळ होतं.

उन्हाळा उतरला तेव्हा त्या दोस्तांपैकी एक, लिंडसे आला. टोपी हातात, नजर बुटांवर.

"वाट चुकलास काय रे?"

"शिव्या नंतर दे. ते पिंप अजून आहे?"

"म्हणजे पिंपासाठी आलास."

"हो. तुझ्यासाठी यायची लाज वाटत होती." त्याने टोपी मुरगाळली. "ग्लेनिस, बिअर ठेवून मुरत नाही गं. गार राहिली, हवा लागली नाही, तर काही महिने. त्यात मर्व्हची ती हॉप्सच्या कडवट फुलांची. आधी वास जातो, मग पुठ्ठा चघळल्यासारखी लागते."

"मला प्यायची नाहीये. ठेवायचीये."

"काय ठेवशील? पुठ्ठा?"

त्याला हाकलावं असं तिला वाटलं. तरी तिने शेडचं दार उघडलं.

लिंडसेने सवयीने पिंपाच्या झाकणावरची, आतला गॅस सोडायची कडी ओढली. आवाज नाही. पिंपाला जोडलेली गॅसची टाकीही रिकामी.

"झाकण गळतंय की काय?"

"नाही. मी ओढायचे," ती म्हणाली. "तो गेल्यापासून रोज संध्याकाळी. तो कामावरून आला की आधी इथे यायचा, कडी ओढायचा. फुस्स झालं की मी बटाटे चुलीवर ठेवायचे. हल्ली आवाजच येत नाही."

असला गाढवपणा केलेल्याला लिंडसेने एरवी सोलून काढला असता. आता तो गाडीकडे गेला आणि स्वतःची गॅसची टाकी घेऊन आला. नळी जोडली, पिंप मांडीवर आडवं घेतलं आणि हलवत बसला, गॅस आत जिरेपर्यंत. मग ते उभं केलं.

"ओढ."

तिने कडी ओढली. फुस्स.

ग्लेनिस उलट्या खोक्यावर बसली आणि रडली. ज्याला सगळे भ्याले होते तेच हे रडणं. लिंडसे पळाला नाही. पिंपाला धरून बसून राहिला.

मग त्याने दोन पेले भरले. फेस झकास आला.

"पुठ्ठा," ती म्हणाली.

"ओला पुठ्ठा. मर्व्हने मोरीत ओतली असती."

"छट्. तुम्हाला पाजली असती आणि स्वतः ताजी प्यायला असता." ती नाक पुसत हसली. "बोलाव सगळ्यांना. आजच. पेला संपवायचा, तोंड वाकडं करायचं नाही."

सगळे आले. तोंड कोणी वाकडं केलं नाही. शेवटी तोटीने नुसता फेस थुंकला, तेव्हा ग्लेनिसने पिंप लिंडसेच्या पायाशी ढकललं.

"धुऊन, भरून आण. रिकामं आणलंस तर फाटक उघडणार नाही."