बाबांच्या जागेचं कुलूप

वर्सोव्याच्या मच्छीमार सोसायटीचा कॉम्प्युटर मी सांभाळते आणि त्यातलं सगळ्यात घट्ट कुलूप माझ्याच बाबांचं होतं. प्रत्येक होडीवर एक यंत्र बसवलंय, होडी कुठे आहे ते त्यातून कळतं. पण नियम असा, की मालकाच्या परवानगीशिवाय ते दुसऱ्या कुणाला दिसणार नाही; हेच ते कुलूप.

हा नियम सैल करा, सगळ्यांना सगळ्यांचा ठावठिकाणा दिसू द्या, असं दुसऱ्या एका होडीचे मालक राजारामकाकांनी सभेत मांडलं. बाबा तडक उठले. आपली मासळीची जागा उघडी करणं म्हणजे स्वतःचं जाळं दुसऱ्याच्या हाती देणं, असं म्हणत त्यांनी इतका आवाज चढवला की ठराव बारगळला. मनातून मला काकांचं पटत होतं. पण जेवायला घरीच जायचं होतं, म्हणून गप्प बसले.

पुढच्याच आठवड्यात माझा भाऊ विकी पहाटे होडी घेऊन गेला तो दुपार उलटली तरी परतेना. वायरलेसही लागेना. बाबा धावत ऑफिसात आले. त्यांच्या फोनवर होडीचा ठिपका तीन तास एकाच जागी होता. समुद्रातल्या बाकीच्या होड्यांना तो दिसायचा तर कुलूप काढायला हवं, आणि काढलं की महिनाभराचा मागही, म्हणजे बाबांची मासळीची जागाही, सगळ्यांना दिसणार. मी तसं सांगितलं. आता हे विचार करत बसतात की काय, अशी मला भीती वाटली.

"उघड," बाबा म्हणाले. "सगळं उघड गं."

कुलूप काढायला त्यांच्या फोनवर आलेला कोड वाचताना त्यांचा आवाज इतका कापत होता की मला दोनदा विचारावा लागला.

दोन तासांनी राजारामकाका विकीच्या होडीला दोर बांधून ओढत धक्क्याला घेऊन आले. इंजिन बंद पडलं म्हणून विकी नांगर टाकून थांबला होता, वायरलेसची बॅटरी उतरली होती. उन्हाने करपलेला विकी उतरल्या उतरल्या भूक लागली म्हणून कुरकुरायला लागला. ती कुरकुर ऐकून मला रडूच फुटलं. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

बाबा काकांसमोर मान खाली घालून उभे राहिले. "आता जागा तुला कळलीच," ते म्हणाले.

काका हसले. "ती तुझ्या बापाच्या वेळेपासून अख्ख्या बंदराला ठाव हाय, तुळशीदास. तिथं तुमचं जाळं असतं, म्हणून आम्ही जात नाय."

बाबांनी शेजारी उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. टोपली उचलता उचलता आई म्हणाली, की तिलाही लग्नाच्या वर्षापासून ठाऊक आहे.

बाबा तिथेच धक्क्यावर बसले आणि डोळे पुसत हसत राहिले. कुलूप परत लावू का, हे मी विचारलंच नाही.