दहावी चकती

फ्रान्समधल्या रूआँच्या टाकसाळीत कामाच्या बाकावर जागा मिळायची ती रक्ताच्या नात्याने, पण नुसत्या रक्तावर भागत नसे. मुलीने सगळ्यांसमोर एक्यू नाण्याच्या दहा कोऱ्या चांदीच्या चकत्या कानशीने घासून नेमक्या वजनाच्या करून दाखवायच्या. राजाचा छाप त्यानंतर. एक जरी हलकी झाली, तरी वर्षभर घरी, कारण घासलेली चांदी काही परत चिकटत नाही.

पेरीनला घरी बसायचं नव्हतं. तिला खिडकीजवळचं ते बाक हवं होतं, जिथे बायका दिवसभर हसत-खिदळत कानस चालवायच्या. पण तिच्या हाताला भारी घाई. "अगं, आधी वजन, मग कानस!" गिल्मेट आत्याने वर्षभर हेच टुमणं लावलं होतं. आत्याचा हात म्हणे कधी चुकलाच नाही. आत्याही हे कधी नाकारत नसे.

परीक्षेच्या दिवशी नऊ चकत्या झाल्या. शेजारच्या दालनातून मेजवानीच्या भाजलेल्या बदकांचा वास येत होता आणि मंडळी चुळबुळायला लागली होती. पेरीनने दहावी उचलली, कानस टेकवणार तोच समोर आत्याचं तोंड दिसलं. चडफडत तिने चकती काट्यात टाकली. पारडं वर गेलं.

हलकी! मीच घासली की काय? तिने कड उजेडात धरली. बाकी नवांच्या कडा लखलखत होत्या, ही मात्र काळवंडलेली.

"रेनोकाका, ही मी नाही घासली," ती टाकसाळीच्या प्रमुखांना म्हणाली. "जुनी आहे ही. कुण्या धांदरटाने वजन न करताच ओरबाडलीय. वितळवा मेलीला!"

बायकांनी तोंडं दाबून धरली. आत्या बिटासारखी लाल.

"सांग की गं गिल्मेट," रेनोकाका मिशीत हसले, "कुणी ओरबाडली?"

"मी!" आत्या कडाडली. "तीस वर्षांपूर्वी, माझ्या परीक्षेत! वर्षभर घरी बसले. आणि ती चकती आधी ह्या रेनोच्या बापाने जपली, आता हा जपतोय. येईल त्या पोरीपुढे टाकतात, आधी वजन करते का बघायला!"

दालन हसून दणाणलं. पेरीनला इतका आनंद झाला की तिने आत्याला कडकडून मिठीच मारली. "म्हणजे तुझा हात अगदी माझ्यासारखा!"

"होता," म्हणत आत्याने बाकावर सरकून तिला जागा करून दिली.

रेनोकाकांनी चकती उचलली. "काय गिल्मेट, आता तरी वितळवू?"

"खबरदार!" आत्या म्हणाली. "हिच्या पोरीची परीक्षा व्हायचीय अजून."