अठ्ठ्याण्णव मैलांचा हात

मी बंदुकीसारखी दिसते, पण मित्रांनो, माझ्यातून कधी गोळी सुटली नाही. मी चेंडूचा वेग मोजणारी रडारगन आहे, आता जुनी झालेली. माझी मूठ घासून गुळगुळीत झाली आहे आणि बॅटरीचं झाकण चिकटपट्टीने बसवलेलं आहे. फार थकले आहे मी.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. माझ्या बहिणी पोलिसांकडे गेल्या, हमरस्त्यावर मोटारींचा वेग मोजायला. मी वेन्डेल टार्पलीच्या हाती पडले. वेन्डेल तरुणपणी बेसबॉलमध्ये कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, होता. वर्षानुवर्षं उकिडवं बसून त्याचे गुडघे कामातून गेले, तेव्हा तो स्काउट झाला. दर जुलैत मोठे संघ आळीपाळीने कॉलेजातले खेळाडू निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी गावोगाव फिरून कोण किती पाण्यात आहे ते संघाला कळवायचं, हे वेन्डेलचं काम. बावीस वर्षं आम्ही दोघं मिसिसिपी, आर्कान्सा आणि लुइझियानाच्या मैदानांवर हिंडलो.

माझे चांगले दिवस होते, मित्रांनो. फेक झाली की आजूबाजूचे लोक आधी माझ्याकडे बघत. माझ्यावर ताशी शहाण्णव मैल उमटले की माना डोलायच्या. त्या दिवसांत ड्यूई केसलर नावाचा एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. त्याच्या फेकीला मी नव्व्याण्णव दाखवले होते. त्या दिवशी फेकून झाल्यावर ड्यूई मनगट झटकत होता, ते वेन्डेलने पाहिलं होतं. पण आकडा इतका सुंदर होता की त्याने अहवालात मनगटाचं काही लिहिलं नाही. दुसऱ्याच वर्षी ड्यूईचा हात गेला. तो आता घरांची छपरं शाकारतो आणि उजवा हात खांद्याच्या वर नेऊ शकत नाही. वेन्डेल त्याच्याबद्दल कधी बोलत नाही, पण त्याच्या गावाकडचा फाटा आला की गाडीतला रेडिओ बंद करतो.

पुढे मैदानांवर कॅमेरे आले. चेंडू किती फिरला, किती वळला, कुठून सुटला, सगळं ते मोजू लागले. मला कुणी विचारेनासं झालं. बाकीच्या स्काउटांनी आपापल्या गन कपाटात टाकल्या. वेन्डेल तेवढा मला हाताशी ठेवून होता, सवयीने.

अशाच एका वर्षी मार्चमध्ये आम्ही दक्षिण लुइझियानातल्या एका कॉलेजच्या मैदानावर गेलो. तिथे आन्सेल्म ब्रूसार नावाचा पिचर होता. एकवीस वर्षांचा, उंच, कमी बोलणारा. बाप समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, आई ओडेट शाळेच्या स्वयंपाकघरात. पहिल्याच फेकीला मी अठ्ठ्याण्णव दाखवले. त्या वसंतात देशभर त्याच्याच नावाचा बोलबाला होता. ड्राफ्टमध्ये पहिल्या पाचांत जाणार, असं जो तो म्हणत होता.

एप्रिलमध्ये आम्ही त्याला पुन्हा पाहिलं. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, पुन्हा सत्त्याण्णव. मी तेच दाखवत होते, कारण मला तेवढंच येतं. पण वेन्डेलने मला मांडीवर ठेवलं आणि दुर्बीण काढली. तो फेकीकडे बघतच नव्हता. आन्सेल्म बाकावर बसला की काय करतो, ते बघत होता. पोराने पाण्याची बाटली उजव्या हातात घेतली, झाकणाला बोटं लावली, आणि काढून घेतली. मग बाटली दातांनी उघडली. पुढच्या इनिंगनंतरही तेच.

वेन्डेलने वही मिटली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही ब्रूसारांच्या घरी गेलो. ड्राफ्टआधी स्काउट घरी येतात, गप्पा मारतात, ती रीतच आहे. मी वेन्डेलच्या पिशवीत होते, तोंड बाहेर काढून. ओडेटने गंबोचं दाट कालवण आणि भात वाढला.

"घ्या हो, मिस्टर टार्पली. संघवाले येतात आणि चिमणीसारखे खातात. माझ्या हाताला चव नाही असं वाटायला लागलंय मला."

"मी चिमणी नाही, बाई," वेन्डेल म्हणाला. "वाढा."

आन्सेल्म डाव्या हाताने जेवत होता. वेन्डेलने दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"कधीपासून दुखतंय?"

आन्सेल्म ताटातून मान वर करेना. ओडेट म्हणाली, "काय दुखतंय? कुणाला?"

"कोपर, आतल्या बाजूने," वेन्डेल म्हणाला. "काल बाटली उघडता येत नव्हती त्याला."

आन्सेल्म म्हणाला, "फेब्रुवारीपासून. पण वेग आहे ना, मिस्टर वेन्डेल. तुमच्या त्या गनला विचारा."

मित्रांनो, त्या वेळी मला बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, मला विचारू नकोस रे.

"गनला दुखत नाही," वेन्डेल म्हणाला. "कोचला सांगितलंस?"

"नाही. जुलैपर्यंत ढकलतो. निवड झाली की मग करा काय ते ऑपरेशन."

"आणि जुलैच्या आधी तुटला तर?"

"तुम्ही हे लिहिणार का?"

"लिहिणार. पण तुला सांगितल्याशिवाय लिहायचं नव्हतं."

आन्सेल्म खुर्ची सरकवून उठला. "तुमचं काय जातंय? तुम्ही गाडीत बसून दुसऱ्या गावी जाल. मला इथंच राहायचंय. गावातला पेट्रोलपंपवालासुद्धा मला विचारतो, कितवा जाणार."

"मागे एका पोराच्या बाबतीत मी गप्प बसलो होतो," वेन्डेल म्हणाला. "आता ते जमत नाही."

ओडेट एवढा वेळ पोराच्या कोपराकडे बघत होती. "माझ्या घरात बसून डाव्या हाताने जेवतोयस," ती हळू म्हणाली, "आणि मला वाटलं, लाडात आलाय. शुक्रवारच्या सामन्यात तू फेकणार नाहीस."

"ममा, शुक्रवारी सगळे संघ मला बघायला येणार आहेत."

"येऊ देत. त्यांना गंबो खाऊ घालीन. सकाळी आपण डॉक्टरकडे जातोय."

गाडीत बसल्यावर वेन्डेलने वरिष्ठांना, हॅलोरनला, फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मशीन म्हणतंय पोरगा ठणठणीत आहे," हॅलोरन म्हणाला. "चेंडू बघ किती फिरतोय. आणि तू पाण्याची बाटली घेऊन बसलायस?"

"हो."

"दमलायस तू, वेन्डेल."

"तेही खरं आहे," वेन्डेल म्हणाला आणि फोन ठेवला.

तपासणीत निघालं की कोपरातला हाडं जोडणारा बंध अर्ध्याहून जास्त फाटला होता. शुक्रवारी फेकला असता तर उरलेलाही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. जुलैत ड्राफ्ट झाला. पहिल्या दिवशी आन्सेल्मचं नाव आलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, शेवटच्या दिवशीही नाही. पेट्रोलपंपवाल्याने विचारणं सोडून दिलं. वेन्डेलचं कुणी कौतुक केलं नाही. सप्टेंबरात संघाने त्याला सांगितलं की आता कॅमेरे पुरेसे आहेत.

मग मी गाडीच्या डिकीत पडून राहिले. सुट्या चपला, छत्री आणि मी. बॅटरी गळून माझ्या पोटात पांढरी पूड साचली. मला वाटलं, आपलं झालं.

फेब्रुवारीत ओडेटचा फोन आला. शस्त्रक्रियेनंतर आन्सेल्म पिचरच्या उंचवट्यावरून पहिल्यांदा फेकणार होता. "त्याने नाही सांगितलं बोलवायला," ती म्हणाली. "तो अजून तुमच्यावर चिडलेलाच आहे. मी बोलावतेय." वेन्डेलने माझ्या पोटातली पूड जुन्या टूथब्रशने घासून काढली, नवी बॅटरी घातली आणि पाच तास गाडी हाकली.

मैदान रिकामं होतं. आन्सेल्मने वेन्डेलकडे पाहिलं, मान हलवली आणि उंचवट्यावर गेला. त्याने वीस फेकी टाकल्या. मी चौऱ्याऐंशी दाखवले, मग शहाऐंशी. माझ्या आयुष्यातले ते साधेसुधे आकडे.

फेकून झाल्यावर तो जाळीपाशी आला. घामाने निथळत होता. त्याने विचारलं, "किती?"

"मी सांगत नाही," वेन्डेल म्हणाला. "तू सांग, कसा आहे हात?"

आन्सेल्मने कोपर दुमडला, सरळ केला. जरा वेळ त्याने नीट विचार केला, जणू हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"थकलाय," तो म्हणाला. "पण माझा वाटतोय."

त्या जुलैत शेवटच्या दिवशी एका संघाने त्याला घेतलं. तो आता खालच्या लीगमध्ये एका लहान गावी फेकतो. वर जाईल की नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्याही आसपास मोजणारी यंत्रं असतील. कुणी तुमचे गुण मोजेल, कुणी तुमचा वेग. आमच्यावर राग धरू नका, आम्ही दिसेल तेच दाखवतो. पण एखादा मोठा आकडा पाहून टाळ्या वाजवाल, तेव्हा ज्याच्या अंगातून तो निघाला त्याच्याजवळ एकदा जा आणि विचारा, दुखतंय का. ते मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.