गाडी बंद कर

संगमेशला बूड टेकवून बसवत नव्हतं. दोन ओळी टाइप करायच्या, फोन खिशात घालायचा, परत काढायचा. महिनाभर रोज काहीतरी लिहून ग्रुपवर टाकायचं, असलं चॅलेंज त्यानं पोरांसमोर छाती फुगवून घेतलं होतं. महिना सरत आला आणि डोक्यातलं सगळं संपलं. मग फोनच्या तळातनं त्यानं जुनी, अर्धी राहिलेली गोष्ट वर काढली. चंद्रीची.

चंद्री म्हणजे त्यांची म्हैस. दिवाळीत कोल्हापुरात म्हशी पळवतात. शिंगं रंगवायची, सायलेन्सर काढलेली मोटरसायकल पुढं दामटायची, आणि मालकाच्या गाडीमागं म्हैस सुटते. त्याच्या वडलांच्या, आप्पांच्या गाडीमागं चंद्री अशी सुटायची की अख्खी गल्ली भिंतीला चिकटायची. पुढं गल्लीतला गोठा मोडला आणि आप्पांनी ती कागलकडच्या बाळासोला विकली. त्यानंतर घरात तिचं नावसुद्धा काढलं नाही. दगडाच्या काळजाचा माणूस, असं संगमेशनं तेव्हाच ठरवून टाकलं.

गोष्ट तिथंच अडकलेली. जुना मालक गोठ्यासमोर येतो, गाडी रेस करतो... आणि पुढं? म्हैस धावत येते असं लिहिलं की सिनेमा वाटायचा. येत नाही असं लिहिलं की बोटंच चालायची नाहीत. तुझी एक तरी गोष्ट मुक्कामाला पोचली का, असं बहीण शांभवी वर तोंड करून विचारायची.

त्यात आज आप्पांना कागलच्या पुढं बारशाला न्यायचं होतं, त्याच जुन्या गाडीवर. आणि गोष्ट तर संध्याकाळी टाकायची. संगमेश आधी कुरकुरला. मग त्याच्या टाळक्यात आलं, वाटेत बाळासोचा गोठा लागतो. तिथं ॲक्सिलरेटर पिळायचा. चंद्री येते का न्हाय, डोळ्यांनी बघायचं. शेवट फुकटात.

कागल मागं पडलं. गावचा रस्ता लागला. वळणावर, गोठा दिसायच्या आधीच, आप्पांनी मागनं त्याच्या खांद्यावर थाप मारली.

"गाडी बंद कर."

"का? पंक्चर झाली?"

"बंद कर की."

आप्पा उतरले. हँडल आपल्या हातात घेतलं आणि गाडी ढकलत चालायला लागले. बारशाची पांढरी पँट चिखलात. संगमेशनं विचारलं, तुम्ही ह्या रस्त्यानं कायम येता? आप्पा म्हणाले, पावण्यांकडं जायला दुसरा रस्ता कुठाय. थोडं पुढं गेल्यावर खालच्या आवाजात बोलले.

"तिला आवाज कळतोय. पयल्यांदा आलतो तवा दावं तोडून मागं आली. बाळासोनं आन् मी ओढत परत नेली. मग वैरणीला तोंड लावंना. तवापास्नं ढकलतोच."

गोठा आला. पत्र्याआड काळी पाठ दिसली, शेपूट हललं. किल्ली अजून संगमेशच्या मुठीत होती. हात नुसता शिवशिवत होता. आप्पा तिकडं बघतसुद्धा नव्हते. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती त्यांनी तोंडात रुमाल कोंबून दाबली.

किल्ली संगमेशनं खिशात टाकली.

गोठा मागं पडला तसा त्यानं चालता चालताच फोन काढला. 'रेस करतो' खोडलं. एका दमात टाइप केलं, मालक गाडीवरनं उतरतो. पुढचं बोटांना आपोआप सुचत होतं.

"काय टिपतोयस?" टकटक ऐकून आप्पा मागं न बघता म्हणाले. "ढकल की. अजून ऐकू जाईल तिला."