सुरईचा कान

माझ्या टूरमध्ये सातव्या कपाटापाशी थांबावंच लागतं. आत चिनी मातीची जुनी सुरई आहे, सतरा तुकडे चिकटवून उभी केलेली. खाली पाटी आहे: ‘सफाई कामगार बाईच्या निष्काळजीपणामुळे भंगली.’ गाईड म्हणून ही ओळ मी दिवसातून चार वेळा मोठ्यानं वाचते. ती बाई म्हणजे माझी आई.

सुरई फोडली साहेबांनी. तेव्हा ते संग्रहालयाचे प्रमुख होते. पाहुणे यायच्या आधी त्यांनी ती कान धरून कपाटातून उचलली. कान हातात राहिला, सुरई फरशीवर. दालनात दुसरं कोण, तर फडकं घेतलेली आई. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. आईची नोकरी गेली. त्यानंतर सख्खी मावशीसुद्धा कप फुटेल म्हणून तिला चहा स्टीलच्या पेल्यात द्यायची, तोही हसत हसत. तो पेला मी विसरलेले नाही.

आई घरी एकच सांगायची, “कान बघायला असतो गं. उचलायचं तळाला हात देऊन. मी का कान धरीन?”

मी मुद्दामच इथं नोकरी धरली. मी कोणाची मुलगी, हे कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पाच वर्षं वाट पाहिली. यंदा संग्रहालयाच्या खुल्या दिवसाला निवृत्त साहेब प्रमुख पाहुणे म्हणून येणार, असं कळलं. माझ्याकडे कार्यक्रम होता, ‘जुन्या वस्तू कशा हाताळाव्यात’. त्यासाठी विक्रीच्या दुकानातली नकली सुरई मिळाली. सकाळी मी तिचा कान हलकेच उडवला आणि पिठाच्या खळीनं परत चिकटवला. तळाला हात देणाऱ्याला काही कळलंच नसतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, एवढ्यावरच माझा भरवसा होता.

आई दुसऱ्या रांगेत बसली होती. खळीचं तिलाही सांगितलं नव्हतं. अकरा जणांनी मी दाखवलं तशी दोन्ही हातांनी सुरई उचलली आणि नीट खाली ठेवली. मग मी म्हणाले, “आता साहेब दाखवतील.”

“अहो, यात काय दाखवायचं,” साहेब उठत म्हणाले. “चाळीस वर्षं हेच केलं.”

आणि कान धरून उचलली. छातीपर्यंत आली, मग खाली गेली. साहेबांच्या हातात नुसता कान.

साहेब इकडंतिकडं बघत म्हणाले, “ही आधीच तडकलेली होती. सकाळी सफाईला कोण होतं इथं?”

“आज मी नव्हते, साहेब,” आई बसल्या जागेवरून म्हणाली. “मागच्या वेळी होते.”

साहेबांनी तिला ओळखलं. चेहरा पार उतरला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? फार बरं वाटलं. आताच्या प्रमुख मॅडम एकदा आईकडे बघत होत्या, एकदा साहेबांच्या हाताकडे.

साहेब कान टेबलावर ठेवायला गेले.

“राहू द्या हातात,” मी म्हणाले. “टूर अजून संपलेली नाही.”

सगळ्यांना घेऊन मी सातव्या कपाटापाशी गेले. आईला पुढं उभं केलं आणि पाटी त्या दिवशी साहेबांना वाचायला लावली.