‘गर्दी’ला माणसं कमी

‘गर्दी’ नावाच्या नाचाला माणसंच येत नव्हती, हे भिंगरीचं दुखणं होतं.

नाच तिनेच बसवला होता. समकालीन नृत्य म्हणतात त्यातला. म्हणजे घुंगरू नाहीत, गाणं नाही, चेहऱ्यावर हसू नाही. चौघंजण एकमेकांना ढकलत, घासत, अडवत तासभर वावरतात आणि शेवटी एकजण मागच्या मागे स्वतःला सोडून देतो, बाकीचे झेलतात. घरी तालीम बघून तिच्या बाबांनी विचारलं होतं, “यात नाच कधी सुरू होतो?” तेव्हा नाच संपून ती पाणी पीत होती.

बाबा नुकतेच निवृत्त झालेले. नोकरी, गाडी चालवण्याच्या परवान्याची परीक्षा घेण्याची. सगळी उमर लोकांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांना नापास करण्यात गेली. माणूस निवृत्त होतो, पण सवय निवृत्त होत नाही. भाजीवाला, शेजारी, जावई, टीव्हीवरची बातमी देणारी, सगळ्यांना घरबसल्या नापास करून झालं होतं. उरली होती ही धाकटी पोरगी.

त्यात मामांनी तिच्यावर डोळा ठेवला होता. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. त्यांची बाथरूमच्या सामानाची मोठी शोरूम. टाइल्स, बेसिन, नळ, टब, कमोड. काउंटरवर विश्वासाचं माणूस हवं होतं, आणि मामांच्या मते विश्वासाचं माणूस म्हणजे जे रजा मागत नाही. भाची मागणार कशी? मागितली तर बहिणीकडे तक्रार करता येते.

बरीच खडाजंगी झाल्यावर बाबांनी अट घातली. “बाहेरच्या माणसाने शेवटपर्यंत बसून बघितलेला एक प्रयोग मला दाखव. बाहेरचा म्हणजे ज्याला आपण कधी चहा पाजलेला नाही असा. तीन रविवार देतो. दाखवलास, तर शोरूमचं नाव काढणार नाही. नाहीतर सोमवारपासून काउंटर.”

“दाखवते,” भिंगरी म्हणाली. तिला वाटलं होतं, यात काय अवघड आहे!

अवघड होता तो फेस्टिव्हल. फ्रिंज फेस्टिव्हल म्हणायचे त्याला. मोठ्या नाट्यगृहाने ज्यांना दारातून परत पाठवलं ते सगळे एकत्र येऊन, मिळेल त्या जागेत, मिळेल त्या वेळेला प्रयोग करायचे. कोणी गॅरेजमध्ये, कोणी गच्चीवर. शेजारच्या सलूनमध्ये एक नाटककार एकपात्री करायचा. समोर आरसे असल्यामुळे त्याला निदान स्वतःची तरी गर्दी दिसायची.

कलाकार उदंड असल्यामुळे प्रेक्षक म्हणून बसायचे तेही कलाकारच. तू माझं बघ, मी तुझं बघतो, असा सगळा उसनवारीचा मामला. नाटककाराच्या प्रयोगात तो बराच वेळ झाडाचं खोड होऊन गप्प उभा राहायचा. भिंगरीने ते खोड पूर्ण बघितलं होतं. म्हणजे डोळे उघडे होते.

आणि या फेस्टिव्हलचा एक नियम होता: प्रेक्षक कलाकारांपेक्षा जास्त पाहिजेत. बरोबरी झाली तरी प्रयोग रद्द. मागे एका नाटकात खंडीभर नट होते आणि प्रेक्षक एकटा. तो भिडस्त गृहस्थ उठायला गेला की दोन नट येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवून संवाद म्हणायचे. पुढे तो गृहस्थ माणसं दिसली की रस्ता ओलांडू लागला. तेव्हापासून प्रेक्षकांच्या जिवासाठी हा नियम आला, आणि तो पाळून घ्यायला पीटीच्या बाई नेमल्या गेल्या. शाळेतून निवृत्त, पण शिट्टी अजून गळ्यात. दाराशी त्यांचा फळा असायचा. प्रयोग झाला की त्यावर ‘झाला’, नाहीतर ‘रद्द’. तीनदा रद्द झालेल्याचं नाव पुसून टाकायचं.

‘गर्दी’ दोनदा रद्द झाला होता. आज तिसरा रविवार.

जागा मामांच्याच शोरूममध्ये मिळाली होती, कारण रविवारी ती बंद. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायची सोयच नव्हती. मामांनी फरशी लेव्हल लावून बसवून घेतली होती. खुर्च्या मात्र नव्हत्या. भिंतीपाशी नमुन्याचे कमोड ओळीने मांडलेले होते, त्यांची झाकणं पाडून प्रेक्षकांची सोय केली होती.

“टेकू नका, रेलू नका, आणि फ्लश दाबू नका. पाणी नाहीये, पण दांडा तुटतो,” मामांनी सूचना दिली. मामा स्वतः काउंटरमागे उभे. मालक प्रेक्षकांत धरत नाहीत, असं बाईंनी आधीच सांगून टाकलं होतं.

कलाकार चार: भिंगरी, लांबू आणि दोघी जुळ्या. लांबूचे हातपाय त्याच्या अंगाला जरा जास्तच झाले होते. जुळ्या एकमेकींशिवाय शिंकतही नसत. प्रेक्षकांत आई, बाबा आणि उसनं फेडायला आलेला नाटककार.

“तीन,” बाई म्हणाल्या आणि खडू उचलला.

“बाई, थांबा ना जरा! लोक वाटेत असतील.”

“लोक कायम वाटेतच असतात, बाळ.”

तेवढ्यात अर्ध्या उघड्या शटरखालून वाकून एक जोडपं आत आलं. घर बांधायला काढलेलं असावं. नवऱ्याच्या हातात मोजपट्टी होती आणि दोघं बोलत नव्हती. भिंतीला टांगलेला कमोड घ्यायचा की जमिनीवरचा, यावर सकाळपासून बिनसलं होतं.

“आज बंद आहे का हो?” बायकोने विचारलं.

गिऱ्हाईक परत पाठवणं मामांच्या रक्तातच नव्हतं. “बंद आहे, पण बसा. बसून बघितल्याशिवाय कळत नाही. हा घ्या, जमिनीवरचा. तुम्ही साहेब, तिकडच्यावर.”

“पाच,” पीटीच्या बाई म्हणाल्या आणि नाखुशीने खडू खाली ठेवला. “करा सुरू.”

नाच सुरू झाला. चौघं एकमेकांच्या अंगावर येऊ लागली. बाबांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. शेजारच्याने चूक केली की ब्रेक मारायची त्यांची जुनी खोड. “वळताना हात दाखवला नाही तिने,” ते आईला म्हणाले.

“अहो, गप्प बसा.”

“मागे न बघता रिव्हर्स घेतेय. नापास.”

थोडा वेळ बरा गेला. मग नाटककार उठला आणि भिंगरीजवळून जाताना कुजबुजला, “तू माझ्या खोडाच्या वेळी झोपली होतीस. तेवढा वेळ वळता करून घेतो.”

“डोळे उघडे होते माझे!”

“घोरत होतीस,” तो म्हणाला आणि शटरखालून निघून गेला.

पीऽऽप!

“चाराला चार. बरोबरी. रद्द!”

भिंगरी नाचता नाचता गोठली. उद्याचा काउंटर तिच्या डोळ्यांसमोर आला, त्यावरची घंटी, पावतीपुस्तक, मामांचं रजेबद्दलचं मौन. मग तिने लांबूच्या पाठीत एक हात मारला. “बस जाऊन. प्रेक्षकांत.”

“मी?”

“तू उठलास की आपण तीन, तू बसलास की ते पाच. बस!”

बाईंनी बोटांवर हिशोब केला. नियमात बसत होतं. मात्र त्यांनी बजावलं, “प्रेक्षक म्हणजे प्रेक्षक. अंग हलवायचं नाही.”

हे लांबूला सांगणं म्हणजे वाऱ्याला पायरीवर बसायला सांगणं. त्याची जागा आली की त्याचा हात आपोआप वर गेला.

पीऽऽप! “हात उचलला, कलाकार झाला!”

“चुकून, बाई, चुकून! सवयीने!” लांबूने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिला.

तोवर मोजपट्टीवाल्याला फोन आला आणि तो बोलत बोलत बाहेर गेला. त्याची बायको मात्र हलली नाही. बाबांची नजर तिच्यावर खिळली. तिला त्यांनी कधी चहा पाजलेला नव्हता. सगळ्या खोलीत बाहेरचं माणूस म्हणावं असं ते एकच उरलं होतं.

नाच रंगात आला, घाम निथळू लागला, आणि मामांच्या चकचकीत फरशीवर एक जुळी सर्रकन घसरली. मग दुसरीही घसरली. तिचं कारण वेगळं नव्हतं. पहिली घसरली हेच.

“अगं बाई, पडतील पोरी!” आई उठली. तिच्या पर्समध्ये कायम एक फडकं असे. पोरींच्या पायांमधून वाट काढत तिने फरशी पुसायला घेतली.

पीऽऽप!

“आता काय झालं?” आईने वाकूनच विचारलं.

“तुम्ही रंगमंचावर आलात. कलाकार.”

“मी? अहो, मी नुसतं पुसतेय!”

“हे लोकही नुसतंच ढकलतायत. मी कुठे भेद करू? चार कलाकार, तीन प्रेक्षक. रद्द.”

“जुळ्या, बसा!” भिंगरी ओरडली. जुळ्या एकाच वेळी वळल्या, एकाच वेळी बसल्या, शेजारशेजारच्या कमोडांवर.

आता फरशीवर दोघी. भिंगरी नसलेल्या गर्दीत धक्के खात फिरत होती आणि आई तिच्या मागून पुसत होती. भिंगरी जिथून जाई तिथे आई पोचे. आई पोचली की भिंगरी तिथून निसटे. लहानपणी दूध पाजतानाही हेच चालायचं. जमिनीवरच्या कमोडवरची बाई पुढे झुकून बघायला लागली.

शेवट जवळ आला. भिंगरी नमुन्याच्या टबच्या काठावर चढली. “अगं, ॲक्रिलिक आहे ते!” मामा कळवळले. तिने प्रेक्षकांकडे पाठ केली आणि हात पसरले. इथे स्वतःला मागे सोडायचं, आणि तिघांनी झेलायचं. तिघं कमोडवर होती.

जन्मभर रहदारीचे नियम सांभाळलेल्या बाबांच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. फरशीवर दोघी, बसलेले पाच. एकजण उठला तर चालतंय. दोघं उठले तर रद्द. जुळ्यांतली एक उठणं निसर्गाला मंजूर नव्हतं. राहिला लांबू.

“अरे, ऊठ!” बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

लांबू रडवेला झाला. “काका, हातांना मुंग्या आल्यात. बोटं कुठायत तेच कळत नाहीये.”

भिंगरीने डोळे मिटले होते. टाचा उचलल्या होत्या. आई पुसायचं थांबली होती.

जुळ्यांची चुळबुळ सुरू झालेली बघून बाबा गरजले, “कोणी उठायचं नाही!” आणि स्वतः उठले. एक पाय फरशीवर ब्रेकसारखा दाबत त्यांनी हात पुढे केले. पोरगी हातांत आली, वजनासकट आली, आणि बाबा तिला घेऊन मागच्या मागे आपल्याच कमोडवर जाऊन आदळले.

झाकण टिकलं.

“बघितलंत?” मामा काउंटरमागून ओरडले. “दोघांचं वजन! तडाही नाही!”

भिंगरीने डोळे उघडले. “बाबा? तुम्ही?”

“हात दाखवून पडत जा,” बाबा धापा टाकत म्हणाले. “मागच्याला कळायला नको?”

पीटीच्या बाईंनी एकेकाकडे बोट दाखवत मोजलं. “कलाकार तीन. प्रेक्षक चार.” मग त्या फळ्याकडे गेल्या आणि ‘गर्दी’समोर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘झाला’.

बाबांनी मात्र अजून निकाल दिला नव्हता. पोरीला बाजूला उभं करून, शर्ट सारखा करून ते मोजपट्टीवाल्याच्या बायकोसमोर गेले. “तुम्ही शेवटपर्यंत बसलात.”

“हो, बसले खरी.”

“का बसलात?”

“कळलं तर काही नाही हो. पण उठवेना. त्या पुसत होत्या ना, मला वाटलं, आता तरी ही पोरगी सापडते की नाही.”

“की कमोड आरामशीर होता म्हणून बसलात? खरं सांगा. माझ्या मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे.”

“तोही आहे आरामशीर,” बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

भिंगरीने कपाळावर हात मारला. आयुष्यात बाबांनी काठावर कोणाला सोडलं नव्हतं. “आरामात बसलेलं माणूसही कंटाळलं की उठतं,” शेवटी ते म्हणाले. “पास.”

तेवढ्यात मोजपट्टीवाला फोन संपवून आत आला. “मग? अजून ठरलं नाही?”

“ठरलं,” त्याची बायको झाकणावर थोपटत म्हणाली. “हाच. तासभर बसून बघितलाय मी. तुम्ही होतात कुठे?”

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बाहेरच्या बाईने मत दिलं होतं, गिऱ्हाईकाने माल घेतला होता, आणि पोरीने काहीही न विकता जे करून दाखवलं ते काउंटरवरच्या माणसाला कधी जमलं नव्हतं. “दाजी,” ते बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, “काउंटरचं राहू दे. हिला दर रविवारी इथेच ढकलाढकली करू दे. फक्त पुढच्या वेळी टांगलेल्यांवर बसवा लोकांना. तेच जात नाहीयेत.”

“जागा तर मिळणारच आहे,” पीटीच्या बाई म्हणाल्या. “झालेल्या प्रयोगाला पुढचा रविवार आपोआप मिळतो. मात्र आज झाला तसाच करायचा. भिंगरी, लांबू, दोघी जुळ्या, पुसणाऱ्या आई, झेलणारे वडील. कलाकार सहा. म्हणजे प्रेक्षक सात आणा.”

भिंगरी मटकन टबाच्या काठावर बसली. “सात? बाई, सात माणसं कुठून आणू?”

“मी नक्की कधी पुसायचं?” आई विचारत होती. “जुळ्या पडायच्या आधी की नंतर? आधीच पुसलं तर त्या पडणार नाहीत, मग मी कशाला येऊ?”

उत्तर द्यायला बाबा जागेवर नव्हते. ते शटरबाहेर फुटपाथवर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होते. धाकट्या भावाला लावला होता.

“रविवारी यायचंय... नाच आहे. नाही रे, कळायची गरज नाही, कोणालाच कळत नाही... बसायचं नुसतं... कमोडवर... झाकण लावून, गाढवा! बायकोलाही आण. पोरांनाही आण. आणि हे बघ, हात उचलायचा नाही, उठायचं नाही, पुसायचं तर अजिबात नाही. मी समोरच असेन. एकजण जरी हललात ना, तर सगळ्या घरादाराला नापास करीन!”